दुसरे पान आणि पाचवे पान

मी एक जुनी अभिप्रायवही आहे. आणि मित्रांनो, पहिल्यांदाच सांगून ठेवते, मला क्षमा करता येत नाही. यात माझा दोष नाही, माझी घडणच तशी आहे. माणसे रागाच्या भरात काहीबाही बोलतात आणि चहा पिऊन झाल्यावर विसरतात. माझ्यावर एकदा उमटले ते उमटले. ज्याने माझे चांगले केले त्याचे अक्षर माझ्यापाशी आहे आणि ज्याने वाईट केले त्याचेही आहे. आज मी तुम्हांला दुसऱ्याबद्दल सांगणार आहे.

माझा जन्म एका बाईंडरच्या हातून झाला. तो मोठे ताव कापायचा, तीन ताव एकात एक ठेवून मधोमध दुमडायचा आणि दुमडीतून दोरा ओवून शिवायचा. तीन ताव दुमडले की सहा पाने होतात. अशा एका गठ्ठ्याला जुज म्हणतात. माझ्यात अशी बारा जुजे आहेत. वरून निळे कापड, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘अभिप्राय’. त्यातला ‘प्रा’ पुढे लोकांच्या अंगठ्यांनी पुसून गेला.

मला न्यायला एक बाई आल्या होत्या. बाईंडरने मला त्यांच्या हातात ठेवले आणि म्हणाला, “बाई, एक लक्षात ठेवा. हिचं पान फाडू नका. ह्या वहीत एकटं पान नसतंच. पहिल्याचा जोडीदार सहावा, दुसऱ्याचा पाचवा, तिसऱ्याचा चौथा. एकाच कागदाची दोन टोकं. एक ओढलंत की दुसरं सुटतं.”

“म्हणजे नवराबायकोसारखं,” बाई म्हणाल्या.

“त्याहून पक्कं,” बाईंडर म्हणाला.

या बाई एका चित्रगृहात काम करत. अंधारात बॅटरीचा झोत टाकून लोकांना त्यांची खुर्ची दाखवायची, हे त्यांचे काम. म्हणून सगळे त्यांना बॅटरीमावशी म्हणत. मालक त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते, तेही मावशीच म्हणत. मावशीने मला बाहेरच्या दालनात, दाराजवळच्या तिरक्या लाकडी घडवंचीवर ठेवले, शेजारी दोरीने पेन बांधले आणि सिनेमा सुटल्यावर दारातून ओरडायची सवय लावून घेतली : “लिहा हो, लिहा! बरं असेल तर बरं लिहा, वाईट असेल तर वाईट लिहा, पण घरी जाऊन शेजारणीला सांगण्याआधी इथं लिहा!”

लोक लिहीत. आठ वर्षे लिहीत राहिले. मी रागावलेले वाचले आहे, रडलेले वाचले आहे, ‘पंखा चालू करा’ हे तर अठ्ठावीस वेळा वाचले आहे. वाईट अभिप्रायाचा मला कधीही राग आला नाही, हे इथे नोंदवून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, वहीला फक्त कौतुक हवे होते. मला फक्त खरे हवे होते.

मालक ते सगळे वाचत. त्यांचे एक गणित होते. “सुट्टीत हॉल भरतोच,” ते म्हणत. “पडद्यावर नुसती भिंत दाखवली तरी भरतो, घरी पोरं इतका उच्छाद मांडतात. तिकिटांवरून मला काय कळणार? परत येतील का, ते वहीत दिसतं.” मालकांना ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नसे. जाड भिंगांचा चष्मा नाकावर चढवून ते मोठ्याने वाचत आणि अर्धे दालन ऐके. त्यांची ही सवय पुढे माझ्या कामी आली.

आता मॅनेजरविषयी. त्याची खोली माझ्या बरोबर समोर होती, मध्ये फक्त काच. त्याचे टेबल एका पायाने आखूड होते आणि कुणी कोपर टेकले तरी डगमगायचे. त्याला ‘सदर’ या शब्दाचे भारी प्रेम होते. सूचना लिहिताना तो लिही, ‘सदर दरवाजा ढकलू नये’, ‘सदर नळास पाणी नाही’. एकदा त्याने घरून आलेल्या डब्याबद्दल फोनवर सांगितले, “सदर भाजी खारट आहे.” माघारी सगळे त्याला सदरसाहेब म्हणत. त्याला ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तर तो मानच वाटला असता.

नवव्या वर्षी सुट्टीच्या आरंभी आमच्याकडे एक सिनेमा आला. हाताने काढलेल्या चित्रांचा. एका राज्यातल्या सगळ्यांच्या सावल्या एक चेटकीण पळवून नेते आणि एक छोटी राजकन्या लंगड्या बदकाला घेऊन त्या परत आणायला निघते, अशी गोष्ट. शेवटी एक सावली कमी पडते तेव्हा बदक आपली सावली देऊन टाकते आणि धुक्यात चालत जाते. त्याला मोठे नाव होते, पण पहिल्या दिवसापासून सगळे त्याला ‘बदकाचा सिनेमा’ म्हणू लागले.

ते बदक मावशीच्या मुलीने काढले होते. एकूण अकरा जणांनी चार वर्षे खपून तो सिनेमा केला होता आणि एकाही चित्रगृहाने तो घेतला नव्हता. मावशीने मालकांपुढे नोकरीत पहिल्यांदा काही मागितले. मालकांनी विचार केला आणि म्हणाले, “दहा दिवस लावतो, मावशी. अकराव्या दिवशी सकाळचा खेळ सुटला की वही वाचतो. लोकांना आवडला असेल तर सुट्टीभर ठेवीन. नसेल तर उतरवीन, मग रडायचं नाही.”

मुलगी त्या संध्याकाळी आईला म्हणाली, “उतरला तर मी पेन्सिल ठेवून देणार. जाहिरातींच्या दुकानात जागा आहे, तिथं जाईन. चार वर्षं पुरे झाली.”

“असं नको बोलूस.”

“बोलत नाही, सांगतेय. आणि आई, शेवटच्या चित्रात मी एक गंमत ठेवलीय. आमच्यातल्या दहा जणांनाही माहीत नाही. कुणाला दिसली तर तो वहीत लिहीलच. एकानं जरी लिहिलं ना, तरी चार वर्षं फिटली.”

“काय गंमत?”

“सांगितली तर गंमत कसली?”

मावशीने त्या सिनेमासाठी माझे नवे जुज उघडले. सहा कोरी पाने. पुढे मी पाने मोजेन ती तिथून.

पहिल्या पानावर शुक्रवार आणि शनिवार उतरले. एका आईने लिहिले, ‘दोन तासांत एकदाही मोबाईल मागितला नाही. मुलाने नव्हे, मुलाच्या बाबांनी.’ कुणीतरी लिहिले, ‘राजकन्या फार गाते. चालताना गाते, पडल्यावर पण गाते.’ मावशीची मुलगी रोज संध्याकाळी येऊन मला वाचत असे. हे वाचून ती खळखळून हसली आणि म्हणाली, “बरोबर आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना.” एका तिरक्या अक्षरात होते, ‘डोळा लागेल म्हणून उशी घेऊन आलो होतो. उशी ओली करून नेत आहे. – आजोबा.’

रविवारी तीन खेळ झाले आणि दुसरे पान दोन्ही बाजूंनी भरले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात तसे पान झाले नाही. लोकांना जागा पुरेना, तेव्हा त्यांनी समासात लिहिले, आडवे लिहिले, एकाच्या ओळीत दुसऱ्याने लिहिले. ‘चेटकिणीला पण घर नव्हते, तिला कोणी विचारलेच नाही.’ ‘आमच्या घरी भांडण झाले होते, येताना रिक्षात कोणी बोलत नव्हते, जाताना सगळे एकदम बोलत आहेत.’ ‘बदक मेलं का? खरं खरं सांगा.’ ही शेवटची ओळ चार वेगवेगळ्या अक्षरांत चार वेळा होती.

आणि अगदी खाली, पानाच्या तळाशी, एक मुलगी टाचा उंच करून लिहीत होती. तिच्या हाताला गोळीचा चिकटपणा होता, तो अजून माझ्यावर आहे. तिने लिहिले :

‘बदक मेलेलं नाही. शेवटी सगळे नाचतात तेव्हा झाडाखाली त्याची सावली आहे. लंगडी आहे म्हणून मी ओळखली. आईने पाहिली नाही. ताईने पाहिली नाही. मी पाहिली. – इयत्ता तिसरी’

मला धाप लागली म्हणा. मावशीच्या मुलीची गंमत कुणाला तरी दिसली होती. आणि ते त्या क्षणी जगात दोघींनाच ठाऊक होते, त्या चिमुरडीला आणि मला. मावशीची मुलगी त्या संध्याकाळी आली नाही, तिला ताप होता. मावशी तीन खेळांनी थकून गेली होती. माझ्यावरून हात फिरवून ती म्हणाली, “दोन्ही बाजू भरल्या गं. उद्या सकाळी निवांत वाचते.”

सोमवारी सकाळी तिच्याआधी मॅनेजर आला.

त्याच्या मेहुण्याचा एक मारामारीचा सिनेमा होता आणि ‘सुट्टीतला खेळ तुझाच’ असा शब्द मॅनेजरने त्याला देऊन ठेवला होता. फोनवर बोलताना मी ऐकले होते, “कार्टून आहे हो, सिनेमा थोडाच आहे! दहा दिवस पोरंसोरं किंचाळतील, मग तुमचाच.” आता त्याने मला उघडले, दुसरे पान वाचले, दोन्ही बाजू वाचल्या. त्याचा चेहरा पडत गेला. मग त्याने पट्टी घेतली, पान दुमडीशी धरले आणि फाडले.

मागे चिंधी राहू नये म्हणून त्याने ते मुळापासून काढले, अगदी सावकाश, दोऱ्याच्या कडेकडेने. थोडी कड ठेवली असती तर तो वाचला असता. तेवढी कड पाचव्या पानाला धरून बसली असती. पण त्याला खूण राहू द्यायची नव्हती. त्याने खूण नाहीशी केली आणि माझे पाचवे पान मोकळे झाले.

त्याने माझ्या दुसऱ्या पानाची चौघडी केली, तिची आणखी एक घडी घातली आणि ती आपल्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल हलवून पाहिले. हलले नाही. तो समाधानाने हसला. मी काचेतून पाहत होते.

मित्रांनो, मी तेव्हा ठरवले. मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्याकडे एक दोरा होता आणि एक सुटलेले पान होते. ते लगेच सोडून दिले असते तर त्याने उचलून खिशात घातले असते आणि हात झटकले असते. म्हणून मी ते सोडले नाही. दोऱ्याच्या दोन टाक्यांमध्ये मी ते चिमटून धरले. राग आला की लोक आदळआपट करतात. मी घट्ट धरून बसले.

मावशी आली, तिने पाने उलटली आणि थबकली. “साहेब, काल दोन्ही बाजू भरल्या होत्या. पान कुठंय?”

“पोरांनी फाडलं असेल. कार्टूनला येणारी पोरं, दुसरं काय करणार?”

“फाडल्याची कड नाही कुठं.”

“मावशी,” मॅनेजर काचेतूनच म्हणाला, “तुमच्या मुलीचा सिनेमा आहे. तुम्ही ह्यात न बोललेलं बरं. लोक म्हणतील, पानं तुम्हीच बदलता.”

मावशीने मला मिटले. हा वार बरोबर लागला होता.

तिसऱ्या पानावर सोमवार आणि मंगळवार आले, तेही बरे होते. म्हणून बुधवारी माझ्या शेजारचे पेन गेले. “रिफिल संपली, मागवलीय,” मॅनेजर म्हणाला. रिफिल मागवायला पाच दिवस लागले! सिनेमा सुटायचा, डोळे पुसत, खिदळत, बदकासारखे लंगडत पोरे बाहेर यायची, माझ्यापाशी थांबायची, नुसती दोरी हातात धरून बघायची आणि निघून जायची. एक छोटा आजीला म्हणाला, “आजी, मला लिहायचंय.” आजी म्हणाली, “मग मला सांग, मी लक्षात ठेवते.” “पण तू विसरतेस.” “हो, तेही खरंच.” असे किती अभिप्राय त्या दालनातल्या हवेत विरून गेले! मी ऐकले, पण माझ्यावर उमटले नाहीत. ते कर्जही मी मॅनेजरच्याच नावावर लिहिले.

आणि माझ्यावर काय उमटले? दुपारी दालन रिकामे झाले की तो स्वतःच्या पेनाने लिही. चौथ्या पानावर त्याने डाव्या हाताने, वेडेवाकडे लिहिले, ‘सदर राजकन्या मला आवडली नाही. सदर बदक पाहून भीती वाटली. – इयत्ता दुसरी’.

मावशीने ते वाचले. आधी तिला हसू फुटले. “दुसरीतलं पोर ‘सदर’ म्हणतंय! उद्या आईला अर्ज करेल, सदर बिस्कीट मिळावे.” मग तिचे हसू विझले. कुणाला सांगणार? जो ऐकेल तो म्हणेल, मुलीची बाजू घेते.

मुलगी बरी होऊन आली. तिने सगळी पाने वाचली, परत पहिल्यापासून वाचली. “आई, शेवटच्या चित्राबद्दल कुणीच काही लिहिलं नाही ना?”

“एक पान गेलंय गं. त्याच्यात असेल.”

“तू उगाच बरं वाटावं म्हणून सांगतेस,” ती म्हणाली. जाताना तिने माझ्यावर थोपटले, कुणा आजाऱ्याला थोपटावे तसे. मी तिला ओरडून सांगणार होते. वहीला ओरडता येत नाही.

दहाव्या दिवशी, शेवटच्या रविवारी, मॅनेजरने आपला थोरला अभिप्राय लिहिला. त्यात त्याने जीव ओतला. चौथ्या पानाची मागची बाजू त्याने वरपासून खालपर्यंत भरली. मुलांच्या मनावर होणारे परिणाम, पालकांची जबाबदारी, बदकासारख्या प्राण्यांस दिलेले अवाजवी महत्त्व. लिहिता लिहिता पान संपले आणि वाक्य उरले. तो पाचव्या पानावर गेला. ते किंचित सरकले. त्याला वाटले शिवण जुनी झाली आहे. त्याने अंगठ्याने दाबून धरले आणि वाक्य पुरे केले, खाली आणखी चार खोटे अभिप्राय लिहिले आणि मला मिटले. मी पान धरूनच होते.

सोमवार. अकरावा दिवस. मालक आले, आधी मॅनेजरच्या खोलीत गेले, चहाचा पेला टेबलावर ठेवून टेकले आणि म्हणाले, “अरे वा, टेबल डगमगत नाही आज. सुतार बोलावलास?”

“घरच्या घरीच केलं, मालक,” मॅनेजर म्हणाला.

सकाळचा खेळ सुटला. दालन माणसांनी भरले. दुसऱ्या खेळाची रांगही दारापर्यंत आली होती. मावशी हातात बॅटरी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. मालकांनी चष्मा चढवला आणि मला घडवंचीवरून उचलले.

त्या क्षणी मी सोडले.

आठवडाभर धरलेले पाचवे पान दोऱ्यातून निसटले, घडवंचीच्या उतारावरून घसरले आणि तिच्या मागे, भिंतीच्या फटीत जाऊन पडले. पोरांच्या गलक्यात कुणाचेही लक्ष गेले नाही.

मालक मोठ्याने वाचू लागले. पहिले पान वाचले, उशीवाल्या आजोबांना सगळे हसले. तिसरे वाचले. चौथ्यावर ‘सदर राजकन्या’ आली तेव्हा रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसले आणि मालकांनी चष्म्यावरून मॅनेजरकडे एकदा पाहिले. मग त्यांनी मागची बाजू उलटली. बदकाचे अवाजवी महत्त्व वाचताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मावशीने डोळे मिटून घेतले. मालक शेवटच्या ओळींवर आले.

“‘...वरील सर्व बाबींचा साकल्याने विचार करता सदर चित्रपट सदर चित्रगृहात संपूर्ण सुट्टीभर चालू ठेवावा, असे आम्हां सर्व पालकांचे ठाम मत आहे.’” मालकांनी पान खाली केले. “च्यायला! एवढ्या शिव्या देऊन शेवटी ह्यालाही आवडलाच की!”

दालनात हशा पिकला. कुणीतरी टाळी वाजवली.

“नाही, नाही, मालक,” मॅनेजर धावत पुढे आला, “पुढं आहे ना! ‘असे कोणीही समजू नये’!”

“कुठं?”

“पुढच्या पानावर. पहिलीच ओळ. ‘ठाम मत आहे असे कोणीही समजू नये, उलटपक्षी सदर चित्रपट तात्काळ उतरवावा.’”

मालकांनी शेजारच्या पानाकडे पाहिले. ते सहावे पान होते. कोरे. “इथं तर काही नाही.”

“असं कसं? मीच तर काल—”

त्याने जीभ चावली. 

“तूच काल काय?” मालक म्हणाले.

“वाचलं. काल वाचलं मी.”

“पाठ केलंस? शब्दन् शब्द? चांगलीच आवड आहे की तुला ह्या कार्टूनची.”

मित्रांनो, मी आजवर हजारो अभिप्राय बाळगले, पण मॅनेजरच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले तेवढे स्वच्छ अक्षर मला कुणी दिले नाही.

मावशीने बॅटरी लावली होती. भर दिवसा. झोत घडवंचीच्या मागे गेला आणि फटीतून तिने पाचवे पान ओढून काढले. मालकांनी पहिली ओळ वाचली. होती तशीच होती, ‘असे कोणीही समजू नये’. पण मावशी ओळ वाचतच नव्हती. ती पानाची कड पाहत होती.

“मालक, हे पान कुणी फाडलेलं नाही. हे सुटलंय. ह्याचा जोडीदार फाडलाय कुणीतरी.” तिला बाईंडर आठवला होता. तिने बोटांवर मोजले. “पाचव्याचा दुसरा. दुसरं पान. रविवारचं. दोन्ही बाजूंनी भरलेलं.”

“पोरांनी फाडलं असेल म्हटलं ना मी,” मॅनेजर म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात सदर उरले नव्हते.

“पोरं फाडतात तेव्हा अर्धं ठेवतात,” मालक म्हणाले. मग ते हळूहळू वळले आणि काचेतून आतल्या टेबलाकडे पाहू लागले. “घरच्या घरी केलंस म्हणालास, नाही का?”

मावशी आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि तिने बॅटरीचा झोत टेबलाखाली टाकला. इतकी वर्षे तिने लोकांना त्यांची जागा दाखवली होती. आज तिने माझ्या पानाला त्याची दाखवली. घडी निघाली आणि टेबल मालकांच्या चहासकट डगमगले. पेला उलटून चहा मॅनेजरच्या कागदांवर सांडला. तेवढे मात्र मी केले नव्हते. पण मला आवडले.

मालकांनी घडी उलगडून दोन्ही पानांच्या कडा एकमेकींना लावल्या. खाच न् खाच जुळली. मग ते मोठ्याने वाचू लागले, आणि चार वेळा ‘बदक मेलं का’ वाचून झाल्यावर तळाच्या ओळींवर आले. तिथे त्यांचा आवाज लहान झाला.

मावशीने ऐकले. तिला पूर्ण कळले नाही, पण एवढे कळले की ही ती गंमत आहे. तिने मुलीला फोन लावला आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. “‘...आईने पाहिली नाही. ताईने पाहिली नाही. मी पाहिली.’ ऐकतेस ना?”



“आई,” पलीकडून आवाज आला, “परत वाच.”

सिनेमा सुट्टीभर राहिला. हे मालकांनी तिथल्या तिथे, रांगेसमोर सांगितले. मॅनेजरला त्यांनी काढले नाही. त्यांनी त्याहून चांगले केले. दोरीला नवे पेन बांधले आणि ती दोरी त्याच्या गळ्यात घातली. “आजपासून खेळ सुटला की वहीशेजारी उभं राहायचं. ज्याला लिहायचंय त्याच्यापुढं वाकायचं. पोरं बुटकी असतात, नीट वाक.”

तो पस्तीस दिवस वाकला. मी मोजले. पोरे त्याच्या गळ्यातले पेन ओढत, चिकट हात त्याच्या शर्टाला पुसत आणि प्रत्येक जण विचारी, “काका, बदक मेलं का?” त्याला उत्तर येत नव्हते, कारण त्याने सिनेमा पाहिलाच नव्हता. पहिले काही दिवस तो म्हणे, “मला माहीत नाही.” त्यावर एक चारेक वर्षांची पोर म्हणाली, “एवढे मोठे झालात आणि माहीत नाही?” दहाव्या दिवशी तो खेळ सुरू झाल्यावर अंधारात शिरला. मावशीने बॅटरी लावून त्याला खुर्ची दाखवली, पहिल्या रांगेतली, जिथून मान दुखते.

सुट्टी संपली त्या दिवशी दालन रिकामे झाल्यावर त्याने गळ्यातले पेन हातात घेतले आणि सहाव्या पानावर, पोरांच्या ओळींखाली उरलेल्या जागेत, उजव्या हाताने, आपल्या खऱ्या अक्षरात एक ओळ लिहिली : ‘सदर बदक मेलेले नाही. मीही पाहिले.’ खाली सही केली.

तुम्हांला वाटेल, इथे मी त्याला क्षमा केली. नाही. मी त्याची ओळ ठेवली आहे, कारण ती खरी आहे. पण तिच्या मागेच दुसऱ्या पानाच्या घड्या आहेत, त्यांच्यावर टेबलाच्या पायाचा गोल काळा डाग आहे, आणि दोरी हातात धरून परत गेलेल्या पोरांची कोरी जागा आहे. तेही खरे आहे. मी दोन्ही ठेवते.

पुढे दालनात एक यंत्र आले. त्यावर तीन तोंडे असतात, एक हसरे, एक रडके, एक गप्प. येता-जाता एक दाबायचे. मला कपाटात टाकले. तिथे मी चार वर्षे जुन्या पोस्टरांखाली दबून होते. मावशी निवृत्त झाली त्या दिवशी मालकांनी विचारले, “काय देऊ?” तिने मला मागितले. आता मी तिच्या मुलीच्या कामाच्या खोलीत आहे, पेन्सिलींच्या शेजारी. तिने पेन्सिल ठेवली नाही. दुसरे आणि पाचवे पान तिने मधोमध चिकटपट्टीने जोडून परत माझ्यात घातले आहे. पट्टी पिवळी पडली आहे, पण धरून आहे. नवे चित्र पुरे झाले की ती तळाच्या ओळी एकदा वाचते आणि मग चित्रात कुठेतरी एक गंमत ठेवते.

म्हणून मित्रांनो, वह्या जपा. कुणी चिकट हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात आपल्याला दिसले ते लिहिले असेल, तर ते न आवडले तरी राहू द्या. आणि एवढे सांगूनही कुणाचे पान फाडायची हुक्की आलीच, तर मुळापासून खुशाल फाडा. जोडीदार कुठे आहे ते तुम्हांला ठाऊक नसते. वहीला असते, आणि तिला घाई नसते.